त्रिनिदादचा कार्निव्हल आणि बाहेरच्यांचा निवाडा

गेल्या प्रायश्चित्तकाळाच्या तोंडावर बेळगाव व गोवा यांच्या सीमाभागातील धर्मशिक्षकांच्या एका शिबिरात व्याख्यान देण्यासाठी प्रस्तुत लेखकास बोलावण्यात आले होते. विषय उपवास आणि मनपरिवर्तन हा होता. चहाच्या सुट्टीत एका तरुण धर्मशिक्षकाने आपल्या मोबाइलवर कॅरिबियन बेटांवरील कार्निव्हलची चित्रफीत सर्वांना दाखविली. पिसांचे मुकुट, मण्यांची तोकडी वस्त्रे, रस्ताभर नाचणाऱ्या स्त्रिया, कानठळ्या बसविणारे संगीत. त्याने विचारले, “फादर, हे लोक ख्रिस्ती म्हणवतात ना? मग हे काय?” मी फारसा विचार न करता उत्तर दिले की, माणसे नावापुरती ख्रिस्ती राहिली म्हणजे असेच व्हायचे. सर्वजण हसले आणि आम्ही सभागृहात परतलो.

शिबिर संपल्यावर सासष्टीकडील एक वयस्क धर्मशिक्षक मला भेटले. ते शांतपणे म्हणाले, “फादर, आमच्या गावच्या इंत्रुजाविषयीही बाहेरची माणसे असेच बोलतात. बोलणारे सहसा कधी आलेले नसतात.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले. ज्या लोकांविषयी मी एका वाक्यात निकाल दिला होता, त्यांचा इतिहास मला ठाऊक नव्हता. त्यानंतर मी तो वाचला. हा लेख म्हणजे त्या वयस्क धर्मशिक्षकांना त्या दिवशी द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे. कॅरिबियन समुद्रात बेटे अनेक आणि त्यांचे उत्सवही अनेक आहेत. येथे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध अशा त्रिनिदादच्या कार्निव्हलपुरताच विचार केला आहे.

१. धर्माची अट आणि गुलामांची मोजणी

दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगत त्रिनिदाद हे बेट आहे. १४९८ साली कोलंबसाने त्याला पवित्र त्रैक्याचे नाव दिले. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ते स्पेनच्या ताब्यात होते, परंतु वस्ती अत्यंत विरळ होती. ती वाढविण्यासाठी १७८३ साली स्पेनच्या राजाने एक सनद काढली. परदेशी वसाहतकारांना तीत मोफत जमीन देऊ केली होती. अट अशी की, येणारा मनुष्य कॅथोलिक असला पाहिजे. जमीन किती द्यावयाची याचेही प्रमाण ठरलेले होते. गोऱ्या वसाहतकाराला एक वाटा, आणि त्याने सोबत आणलेल्या प्रत्येक गुलामामागे त्याच्या निम्मा वाटा आणखी. कृष्णवर्णीय वा मिश्रवर्णीय स्वतंत्र वसाहतकारांनाही जमीन मिळे, परंतु गोऱ्यांच्या निम्मी.

आपण धर्मशिक्षण देणाऱ्यांनी या सनदेपाशी क्षणभर थांबले पाहिजे. एकाच कागदावर बाप्तिस्म्याची अट आणि माणसांच्या मालकीचे बक्षीस शेजारी शेजारी लिहिलेले आहे, आणि लिहिणाऱ्यांना त्यात काही विसंगत वाटलेले दिसत नाही. मार्टिनिक, ग्रेनाडा इत्यादी बेटांवरून फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह येऊ लागले. १७९७ साली इंग्रजांनी बेट जिंकले, तेव्हा लोकसंख्या अठरा हजारांच्या आसपास पोहोचली होती आणि त्यांत सुमारे दहा हजार गुलाम होते. राज्य इंग्रजांचे, कायदे बराच काळ स्पॅनिश, आणि समाजाची भाषा व चालीरीती फ्रेंच, अशी ही चमत्कारिक वसाहत होती.

कार्निव्हल आणला तो या फ्रेंच कॅथोलिक मळेवाल्यांनी. नाताळपासून राखेच्या बुधवारापर्यंत त्यांच्या वाड्यांतून मेजवान्या, मुखवटे घालून नाच आणि एकमेकांच्या घरी जाणे चाले. मिश्रवर्णीय स्वतंत्र लोक आपापल्या घरी तो साजरा करीत, पण त्यांच्यावर निर्बंध होते. गुलामांना त्यात स्थान नव्हते. मळेवाल्यांचे एक आवडते सोंग मात्र गुलामाचेच होते. मालक अंगाला काळे फासून मळ्यातील मजुराचा वेष घेई, त्याच्या मालकिणी मिश्रवर्णीय स्त्रियांचा. मशाली घेऊन, उसाच्या आगीकडे हाकलत नेलेल्या गुलामांची नक्कल करीत ते नाचत. त्या काळी या प्रकाराला कोणी अनीती म्हटल्याचे ऐकिवात नाही. ती थोरामोठ्यांची करमणूक होती.

२. जळका ऊस

आपल्या बेळगाव भागातील वाचकांना उसाविषयी वेगळे सांगावयास नको. फडाला आग लागली की तो ऊस तातडीने तोडून गाळपास न्यावा लागतो, नाही तर उतारा घटतो आणि वजनही जाते. त्रिनिदादमधील मळ्यांतही हेच होते. रात्री-अपरात्री आग लागली की शिंगे व शंख फुंकले जात, आणि शेजारच्या मळ्यांतील गुलामांनाही मशालींच्या उजेडात, चाबकाच्या फटकाऱ्यांखाली तेथे हाकलून आणले जाई. आग विझवायची, ऊस तोडायचा, आणि रातोरात घाण्याला घालायचा. फ्रेंच भाषेत जळक्या उसाला ‘कान ब्रूले’ म्हणतात. त्याच शब्दांवरून लोकांच्या तोंडी ‘कान्बुले’ हे नाव झाले.

१ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली. परंतु मुक्त झालेल्यांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली आणखी काही वर्षे त्याच मालकांकडे राबावे लागले. खरी सुटका १ ऑगस्ट १८३८ रोजी झाली. त्यानंतर या लोकांनी मुक्तीचा दिवस साजरा करण्यासाठी जी मिरवणूक काढली, ती कान्बुलेची होती. तीच मशाल, तेच शिंग, तोच चाबूक. परंतु आता चाबूक त्यांच्या स्वतःच्या हाती होता. ज्या रात्रीची आठवण अंगावर वळ होऊन उरली होती, ती रात्र त्यांनी नाचात मांडली. पुढे ही मिरवणूक ऑगस्टमधून कार्निव्हलच्या आरंभी, म्हणजे रविवारच्या मध्यरात्री निघू लागली. मालकाने गुलामाचे सोंग घेतले होते. आता त्या सोंगाचे सोंग घेऊन मुक्त झालेला गुलाम रस्त्यावर उतरला.

याच काळात पोर्ट ऑफ स्पेन या राजधानीत मळे सोडून आलेल्या लोकांची दाटी झाली. घरांच्या मागील बाजूस लांबलचक पडव्या बांधून त्यांच्या खोल्या पाडलेल्या असत. आपल्याकडील चाळीच्या एका खोलीहून फार मोठी जागा कुटुंबाला मिळत नसे. मध्ये एक अंगण, एक नळ, सर्वांना मिळून एक शौचकूप. या अंगणांतून ढोल वाजे, काठीचा खेळ चाले, आणि ‘शांतवेल’ म्हणविणारा मुख्य गायक नवी नवी कवने रचून आपल्या पक्षाला चेतवी. स्त्रियाही गात, आणि काही तर काठी खेळण्यात पुरुषांना भारी होत्या. प्रतिष्ठितांनी या सर्व लोकांना एक नाव दिले होते: ‘जामेट’. समाजाच्या मधोमध ओढलेल्या रेषेच्या खालचे, असा त्याचा अर्थ. आपल्या भाषेत सांगायचे तर गावकुसाबाहेरचे.

ही माणसे रस्त्यावर आली तसे प्रतिष्ठित लोक कार्निव्हलमधून बाजूला झाले, आणि नेमक्या त्याच वेळी तो उत्सव अश्लील, रानटी व अख्रिस्ती असल्याची ओरड वर्तमानपत्रांतून सुरू झाली. इंग्रज अधिकाऱ्यांच्या मनात आणखी एक अढी होती. हा सण फ्रेंच आणि कॅथोलिक होता, आणि त्यांना वसाहत इंग्रजी वळणाची करावयाची होती. १८४९ मध्ये कार्निव्हल दोन दिवसांपुरता मर्यादित करण्यात आला. १८५८ मध्ये गव्हर्नर कीट यांनी मुखवट्यांवर बंदी घालण्याचा प्रयत्न केला. तक्रार करणाऱ्यांची सारीच कारणे खोटी होती असे नाही. मारामाऱ्या होत, डोकी फुटत, आणि काही सोंगे खरोखरच ओंगळ असत. परंतु जामेटांच्या खोल्यांतील नळ आणि शौचकूप वाढवावेत, अशी मागणी त्याच आवेशाने कोणी केली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

३. मशाली विझविण्याचा हुकूम

१८७७ मध्ये कॅप्टन आर्थर बेकर हा पोलिसांचा प्रमुख झाला. त्याने कान्बुले मोडून काढण्याचा निश्चय केला. १८८० साली त्याने मिरवणुकीतील लोकांकडून मशाली, काठ्या व ढोल काढून घेतले आणि लोकांनी ते फारसा विरोध न करता दिले. पुढच्या वर्षी मात्र त्यांची तयारी होती. २७ फेब्रुवारी १८८१ च्या मध्यरात्री पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यावर सुमारे दीडशे पोलीस आणि काठ्या घेतलेले जमाव समोरासमोर आले. एरवी एकमेकांची डोकी फोडणारे मोहल्ले त्या रात्री एक झाले होते. रस्त्यांवरील दिवे फोडले गेले आणि अंधारात झुंज झाली. अडतीस पोलीस जखमी झाले.

दुसऱ्या दिवशी गव्हर्नर सर सॅनफर्ड फ्रीलिंग यांनी नगरसभेच्या विनंतीवरून पोलिसांना बराकीत ठेवले. ते स्वतः लोकांसमोर जाऊन बोलले आणि शांततेने उत्सव करण्यास त्यांनी अनुमती दिली. लोकांनी शांतता राखली. एका शासकाने लोकांशी समोरासमोर बोलल्याबरोबर दोन दिवसांचा उत्सव निर्विघ्न पार पडला, ही या प्रकरणातील सर्वांत बोलकी गोष्ट आहे. परंतु तिच्यातून बोध घेतला गेला नाही. १८८४ साली नवा कायदा आला. मशाली, ढोल आणि काठ्या घेतलेल्या दहा वा अधिक लोकांचा जमाव यांना मनाई झाली. कान्बुले संपले. कार्निव्हलचा आरंभ सोमवारी पहाटेवर गेला आणि त्याला ‘जूव्हे’, म्हणजे उजाडता दिवस, असे नाव पडले.

त्याच वर्षी आपल्या देशाशी निगडित अशी एक घटना घडली. १८४५ पासून त्रिनिदादच्या मळ्यांत हिंदुस्थानी करारबद्ध मजूर येत होते. १९१७ पर्यंत सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार माणसे तेथे नेण्यात आली. मोहरमचे ताबूत तेथे ‘होसे’ या नावाने निघत. आपल्याकडे गावोगावी जसे हिंदूही ताबुतात सामील होत, तसेच तेथेही होत. कार्निव्हलसाठी वापरलेलेच तर्कशास्त्र लावून सरकारने या मिरवणुकांना शहरात शिरण्यास बंदी केली. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सॅन फर्नांदो गावाजवळ ताबूत घेऊन आलेल्या मजुरांवर गोळीबार झाला. निदान सोळा माणसे ठार झाली आणि शंभरांहून अधिक जखमी झाली. चौकशीसाठी आलेले सर हेन्री नॉर्मन हे हिंदुस्थानात दीर्घकाळ लष्करी सेवा केलेले अधिकारी होते. त्यांनी सरकारचा बचाव केला.

या यादीत आणखी एक नोंद करावी लागते, आणि ती आपल्याला अधिक जवळची आहे. त्रिनिदादमधील ‘स्पिरिच्युअल बॅप्टिस्ट’ पंथाचे गरीब कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोक घंटा वाजवून, मोठ्याने आळवणी करून, अंगात आत्म्याचा संचार झाल्यासारखे डोलत उपासना करीत. १९१७ साली कायद्याने त्यांच्या उपासनेवर बंदी आली. चौतीस वर्षे हे लोक रानात लपून प्रार्थना करीत राहिले, पकडले गेले, दंड भरीत राहिले. ३० मार्च १९५१ रोजी ही बंदी उठली. आज तो दिवस त्या देशात सार्वजनिक सुटीचा आहे. ज्यांनी ढोलाला अनीती म्हटले, त्यांनाच ही प्रार्थनाही गोंगाट वाटली. यावरून असा संशय घेण्यास जागा आहे की, त्यांचा मूळ आक्षेप पापाला नव्हता. आक्षेप त्या माणसांच्या आवाजाला होता.

४. टाकून दिलेल्या पिंपातून

ढोल गेले तेव्हा लोकांनी बांबू तोडले. वेगवेगळ्या जाडीचे व लांबीचे बांबू जमिनीवर आपटून किंवा एकमेकांवर वाजवून त्यांनी ताल धरला. या प्रकाराला ‘तांबू बांबू’ म्हणत. १९३० नंतरच्या दशकात बांबूच्या जोडीला बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, मोटारीचे लोखंडी भाग आले. असे ध्यानात आले की, ठोकून ठोकून खोलगट झालेल्या पत्र्यातून निरनिराळे स्वर निघतात. १९४२ ते १९४५ या महायुद्धाच्या वर्षांत रस्त्यावरील कार्निव्हल बंद होता, तरी अंगणांतून हे प्रयोग चालूच राहिले. त्रिनिदाद हा खनिज तेलाचा देश, आणि त्यात युद्धकाळी तेथे अमेरिकेचा मोठा तळ. तेलाची रिकामी पिंपे मुबलक होती. पिंपाचा तळ घणाने ठोकून वाडग्यासारखा खोल करावयाचा, त्यावर स्वरांच्या जागा आखावयाच्या, पत्रा आगीवर तापवावयाचा, आणि मग बारीक हातोडीने एकेक स्वर जुळवावयाचा, अशी त्याची रीत बसली. विसाव्या शतकात घडलेल्या फार थोड्या नव्या स्वरवाद्यांत या ‘स्टीलपॅन’ची गणना होते.

आरंभी पॅन वाजविणारा मुलगा म्हणजे गुंड, असे समीकरण होते. चांगल्या घरच्या मुलांना त्या अंगणाकडे फिरकण्यास मनाई असे. वादकांच्या टोळ्यांत मारामाऱ्याही होत. १९५१ साली निरनिराळ्या टोळ्यांतील निवडक वादकांचे एक पथक लंडनच्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ या महोत्सवासाठी गेले. ज्या साम्राज्याने ढोल बंद केला होता, त्याच्या राजधानीत थेम्स नदीच्या काठी टाकाऊ पिंपांचे संगीत वाजले आणि ऐकणारे थक्क झाले. १९९२ मध्ये स्टीलपॅन त्रिनिदाद व टोबॅगोचे राष्ट्रीय वाद्य ठरले. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन म्हणून जाहीर केला. आज तेथील कित्येक चर्चमध्ये मिस्साच्या वेळी हेच वाद्य वाजते. ज्या मुलांना पूर्वी दारातून परत पाठविले गेले, त्यांचे वाद्य आता वेदीजवळ आले आहे. परत पाठविण्याचे काम धर्माच्या नावाने झाले होते, हे विसरून चालणार नाही.

५. स्वतःला तपासणारा उत्सव

बाहेरून न्याय करणाऱ्यांचा समज असा असतो की, नीतीचा विचार फक्त आपणच करतो आणि नाचणारे तो मुळीच करीत नाहीत. कार्निव्हलची गाणी ज्यांनी ऐकली आहेत, त्यांचा असा समज टिकत नाही. शांतवेलाचा वारसा ‘कॅलिप्सो’ गायकाकडे आला. आपल्याकडील शाहीर व भारूडकार यांचे काम तेथे तो करतो. गव्हर्नर, व्यापारी, पुढारी, पाद्री, नवरा, बायको, कोणीही त्याच्या तावडीतून सुटत नाही. त्याची धास्ती इतकी होती की, १९३४ च्या कायद्याने वसाहत सरकारने या गाण्यांवर नियंत्रण आणले. ‘अटिला द हन’ या नावाने गाणारे रेमंड केव्हेडो यांनी या बंधनांशी झगडा दिला. पुढे १९४६ मध्ये ते पोर्ट ऑफ स्पेनच्या नगरसभेवर आणि १९५० मध्ये विधिमंडळावर निवडून आले.

आणखी दोन उदाहरणे पाहण्याजोगी आहेत. १९८७ मध्ये ‘सिंगिंग सँड्रा’ या गायिकेने नोकरीच्या मोबदल्यात स्त्रीचे शरीर मागणाऱ्या मालकांविरुद्ध गाणे म्हटले, आणि प्रतिष्ठेने उपाशी राहणे पत्करणाऱ्या गरीब स्त्रीला वाचा दिली. २०१७ मध्ये ‘चॉकडस्ट’ या नावाने गाणारे वयोवृद्ध शिक्षक डॉ. हॉलिस लिव्हरपूल यांनी कॅलिप्सोचा सर्वोच्च मान मिळविला, तो बालविवाहाची अंकगणिताच्या भाषेत टर उडविणाऱ्या गाण्याने. त्याच वर्षी तेथील संसदेने विवाहाचे किमान वय अठरा करणारा कायदा संमत केला. कायदा गाण्यामुळेच झाला असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या मंचाला आपण केवळ विषयासक्तीचा अड्डा समजतो, तेथे कोवळ्या मुलींची बाजू मांडली जात होती.

सोंगांचेही तसेच आहे. पीटर मिन्शल या थोर कलावंताने १९८३ साली ‘रिव्हर’ या नावाचे सोंग रस्त्यावर आणले. त्यात शुभ्र वस्त्रांतील एक धोबीण निर्मळ जीवनाचे, आणि खेकड्याच्या रूपातील एक यंत्रमानव लोभाचे प्रतीक होता. सोमवारी शेकडो माणसे पांढऱ्या वस्त्रांत नदी होऊन चालली. मंगळवारी धोबीण मारली गेली, आणि त्या पांढऱ्या वस्त्रांवर रंगांचे ओघळ उडून सारी नदी मलिन झाली. पुढे १९९५ मध्ये त्यांनी आपल्या सोंगाला ‘हालेलुया’ हे नाव दिले, तेव्हा काही धर्मोपदेशकांनी पवित्र शब्दाचा अवमान झाला म्हणून जोराचा आक्षेप घेतला. या वादात त्यांची श्रद्धा खोटी होती असे मी म्हणणार नाही. परंतु रस्त्यावरच्या माणसाने देवाची स्तुती करावयाची तर त्याने आमच्या परवानगीचे शब्द वापरावेत, असा काहीसा भाव त्यात होता.

६. आक्षेपांचा विचार

तर मग कार्निव्हलमध्ये सर्व काही ठीक आहे काय? तसे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा आळस होईल. मद्यपान फार होते. पोशाखांच्या किमती सामान्य माणसाला परवडेनाशा झाल्या आहेत. पैसे भरून नाचणाऱ्यांच्या भोवती दोर धरून पहारेकरी चालतात आणि गरीब माणूस दोराबाहेर राहतो. ज्या उत्सवाने एकेकाळी समाजाची रेषा पुसली, त्यात ती दोराच्या रूपाने परत आली आहे. हे दोष दाखविणारे सर्वांत कठोर टीकाकार त्रिनिदादचेच आहेत. अर्ल लव्हलेस यांच्या १९७९ सालच्या ‘द ड्रॅगन कान्ट डान्स’ या कादंबरीत हीच व्यथा आहे. त्या दिवसांत तरुणांना घेऊन एकांतसाधनेला जाणारे ख्रिस्ती गटही तेथे आहेत. त्यांनी तसे करणे सर्वस्वी योग्य आहे. ते त्या घरातील माणसे आहेत.

राहिला प्रश्न स्त्रियांच्या वस्त्रांचा आणि नाचाचा. येथे एक दुःखद घटना सांगणे मला आवश्यक वाटते. २०१६ साली राखेच्या बुधवारी पोर्ट ऑफ स्पेनच्या मोठ्या मैदानात एका झाडाखाली एका तरुण जपानी स्त्रीचा मृतदेह सापडला. स्टीलपॅन शिकण्यासाठी ती वर्षानुवर्षे त्या देशात येत होती. अंगावर अजून कार्निव्हलचा पोशाख होता. तिचा गळा दाबून खून झाला होता. शहराच्या महापौरांनी प्रतिक्रिया देताना स्त्रियांच्या वर्तनाचा आणि आब राखण्याचा विषय काढला. लोक संतापले, स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि थोड्याच दिवसांत महापौरांना पद सोडावे लागले.

त्या महापौरांचे वाक्य आणि शिबिरातील माझे वाक्य यांत मला फारसे अंतर दिसत नाही. दोघांनीही देह पाहिला, पोशाख पाहिला आणि निकाल दिला. त्यांच्या निकालाने खुनी क्षणभर नजरेआड झाला. माझ्या निकालाने एका समाजाचा दोनशे वर्षांचा भोग नजरेआड झाला. ज्या स्त्रियांच्या पणज्यांचा देह कायद्याने दुसऱ्याच्या मालकीचा होता, तो विकला जाई, त्याच्या संततीवरही मालकाचा हक्क असे, त्या स्त्रिया वर्षातून दोन दिवस रस्त्याच्या मधोमध येऊन नाचतात, तेव्हा त्या नाचाला आपल्या गावच्या मोजमापाने मोजता येणार नाही. त्यातील प्रत्येक हालचाल सुंदर वा निष्पाप आहे असे नव्हे. परंतु तेथे ‘हे शरीर माझे आहे’ असेही काही बोलले जात आहे, आणि देहधारणेवर विश्वास ठेवणाऱ्या धर्माला ते ऐकता आले पाहिजे.

पवित्र शास्त्रातही बाहेर उभे राहून पाहणारी माणसे आहेत. कराराच्या कोशापुढे दावीद नाचत होता, तेव्हा मीखल खिडकीतून पाहत होती आणि तिच्या मनात तुच्छता उत्पन्न झाली. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात वडील भाऊ शेतावरून येतो, वाद्ये व नाच यांचा आवाज ऐकतो, पण आत जात नाही. तो चाकराला विचारतो. पन्नासाव्या दिवशी प्रेषित बोलू लागले तेव्हा काही बघ्यांनी त्यांना मद्यपी ठरविले. या तिन्ही ठिकाणी पाहणारे डोळ्यांनी चुकलेले नाहीत. नाच, वाद्ये आणि आरडाओरडा तेथे खरोखरच होता. फक्त त्याचे कारण काय, हे मीखलने व त्या बघ्यांनी आतल्या माणसाला विचारले नाही. वडील भावाला चाकराने कारण सांगितले, तरी त्याला आत जावेसे वाटले नाही.

७. आपल्या दाराशी

हा इतिहास दूरच्या बेटाचा असला तरी आपल्याला अगदीच परका नाही. गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनने काढलेल्या हुकुमाने ख्रिस्ती घरांतील लग्नात ओव्या गाण्यास, आणि वेषभूषेपासून खाण्यापिण्यापर्यंत अनेक देशी चालींना मनाई केली होती. ओवी गाणाऱ्या आईला तिचा ख्रिस्ती धर्म आणि तिची ओवी यांत विरोध दिसत नव्हता. तो हुकूम काढणाऱ्यांना दिसला. आजही शहरातील चित्ररथ व जाहिराती पाहून आपण गोव्याच्या कार्निव्हलविषयी मत बनवितो. ख्रिस्तसभेने त्या बाजारी रूपापासून आपण दूर असल्याचे सांगितले आहे, आणि ते योग्यही आहे. परंतु सासष्टीतील गावांतून इंत्रुजाचे ‘खेळ’ होतात, गावच्या लहानथोरांची चूक त्यांत हसत हसत दाखविली जाते, चांदर गावी त्याच दिवसांत मुसळ खेळ खेळला जातो, हे आपल्यापैकी किती जणांनी जाऊन पाहिले आहे? आपल्याकडील डफ आणि हलगी वाजविणाऱ्यांचीही गोष्ट अशीच आहे. गावाने त्यांच्या वाद्याला सणासाठी बोलाविले, माणसांना मात्र घरात घेतले नाही.

यावरून धर्मशिक्षकांसाठी एवढेच सुचवावेसे वाटते. एखाद्या लोकसमूहाच्या सणाविषयी मुलांना काही सांगण्यापूर्वी तीन गोष्टी जाणून घ्याव्यात. तो सण प्रथम कोणी, कोणत्या दुःखात वा आनंदात सुरू केला? त्यावर बंदी कोणी घातली, आणि बंदी घालणाऱ्याचे त्यात काय हित होते? आणि त्या सणातील दोषांविषयी त्या घरातील माणसे स्वतः काय म्हणतात? एवढे जाणल्यानंतरही काही गोष्टी आपल्याला चुकीच्या वाटतील, आणि त्या तशा सांगाव्यातही. परंतु तेव्हा आपले बोलणे त्या माणसांच्या तोंडावर बोलता येईल असे असेल.

शिबिरातील त्या तरुण धर्मशिक्षकाला मी पत्र लिहून माझे उत्तर मागे घेतले आहे. सासष्टीच्या वयस्क धर्मशिक्षकांनाही लिहिले. त्यांचे उत्तर दोन ओळींचे आले. येत्या इंत्रुजाला गावी या, झोपण्याची सोय घरीच होईल, आणि राखेच्या बुधवारी सकाळची मिस्सा तुम्हीच अर्पण करा, असे त्यांनी कळविले आहे. मी जाणार आहे.